आठव्या फर्म्यातला जीव

माझी तान्ही लेक चिमटी दुपारी साडेबाराला झोपते आणि पावणेदोनला उठते. तेवढ्या सव्वा तासात मी गेल्या दोन महिन्यांत एका बाईबरोबर वादळात विमान उडवलं, देवीच्या साथीत डोंगरावरच्या वस्त्यांना लस टोचत फिरले आणि जळत्या गिरणीच्या गच्चीवरून उडीही मारली. सगळं सतरंजीवर बसून, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून.

मी बाइंडिंगवाल्या मास्तरांचं जुळणीचं काम घरी आणते. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे क्रमानं एकावर एक रचायचे, ती जुळणी. मग त्यांना शिलाई, खळ आणि पुठ्ठा. यंदा वाचनालयानं आपली जुनी, उसवलेली पुस्तकं नव्यानं बांधायला दिली होती. कोपरे वाळवीनं खाल्लेले, फर्म्यांचे आकडे उडालेले. त्यामुळे सांधा बघावा लागायचा. म्हणजे आधीच्या फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ जुळते का, एवढंच.

"सांधा बघायचा, वहिनी. वाचायचं नाही," मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "वाचणारी चुकते. तुमच्या आधीच्या बाई वाचायच्या. त्यांनी व्याकरणात कुक्कुटपालन बांधलं. नामाचे प्रकार संपले की थेट अंडी! चुकलात, तर तुमचीही जुळणी बंद."

मला वाटलं, मी कशाला वाचतेय? शाळा सुटली तशी पुस्तकंही सुटली होती. घरात वाचायला होतं काय, तर कॅलेंडर आणि मिक्सरचं माहितीपत्रक.

पण सांधा म्हणजे काय चीज असते, हे मास्तरांना ठाऊकच नसावं. शेवटची ओळ असते, 'तिनं दार उघडलं आणि समोर'. पुढच्या फर्म्याची पहिली ओळ, 'उभा होता तो, ज्याचे दिवस घालून आठ वर्षं झाली होती.' आता सांगा, बाईमाणसानं काय डोळे मिटून घ्यायचे? मी एकच पान वाचलं. मग दुसरं. मग चिमटी उठली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तिसरं.

त्यानंतर मला धरबंध राहिला नाही. गठ्ठा सोडताना वाटायचं, आज कोण निघतंय? खाणीत अडकलेली माणसं, की मुलाला परक्याच्या हाती सोपवून आलेली आई? एकदा वरणाला फोडणी द्यायची विसरले, कारण हिमवादळात सापडलेल्या टपालवाल्याला मी एकटं कसं सोडणार? ह्यांना कळलंच नाही. सासूबाईंना कळलं.

"अगं, तुझ्या तोंडावर हे काय नाचतंय?" त्या मटार सोलताना म्हणाल्या. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. मग रोज संध्याकाळी मटारांच्या दाण्यांबरोबर मी त्यांना दुपारची गोष्ट सांगायला लागले. बाहेर काही बोलायच्या नाहीत. त्यांचीही चोरीच होती ती.

आणि मग तो पाणबुड्या आला.

पुस्तकाचं नाव 'बारा पुरुष खोल'. नाव ऐकून सासूबाईंनी मटार खाली ठेवला. "असली पुस्तकं घरात आणतेस?"

"आई, पुरुष म्हणजे पाण्याची खोली! विहीर चार पुरुष खोल, तसं."

"मग ठीक. सांग."

बुडालेल्या जहाजात उतरणारा माणूस होता तो. कमरेला दोरी, तोंडाला हवेची नळी, वर नावेत त्याचा भाऊ दोरी धरून. सातव्या फर्म्याच्या शेवटी जहाजाचं लोखंडी दार नळीवर पडतं. शेवटचे शब्द होते, 'हवा थांबली आणि माझा जीव'.

त्याच गठ्ठ्यात, त्याच छापखान्याचं, त्याच मापाचं दुसरं पुस्तक होतं. एका बाईनं परदेशी गेलेल्या नवऱ्याला लिहिलेली पत्रं. मला हे सोडवेना, आणि तेही. दोन्ही शेजारी उघडी. पत्रांचा सातवा फर्मा संपत होता, 'पोस्टमन नुसताच पुढे गेला की माझा जीव'. मी हात लांबवला, आठवा फर्मा उचलला, पाणबुड्याच्या सातव्यावर ठेवला. पहिली ओळ, 'टांगणीला लागतो.' जुळला! पुढे कोटाच्या बटणाचं काहीतरी होतं, तेवढ्यात चिमटीनं भोकाड पसरलं. मी उरलेला आठवा पत्रांवर ठेवला आणि उठले. फर्म्याचा पुढचा सांधा बघायचा राहिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा माणूस गठ्ठा घेऊन गेला.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "मग? वाचला का तो?"

"तेवढं वाचायचं राहिलं. पण जीव टांगणीला लागतो त्याचा. आणि मग त्याला कोटाचं बटण आठवतं. तुटलेलं."

त्या सोलायच्या थांबल्या. "पाण्याखाली कोट?"

"हो... म्हणजे..."

"कमरेला दोरी, तोंडात नळी, आणि अंगात कोट? लग्नाला निघालाय का तो?"

कोट त्या नवऱ्याचा होता. बटण त्या बाईचं होतं. कुक्कुटपालन झालं होतं!

पुढचे तीन आठवडे मी तो गठ्ठा विसरायचा प्रयत्न केला. पुस्तकं शिवली गेली, बांधली गेली, वाचनालयात परत पोचली. जुनी पुस्तकं उघडणार कोण? गप्प बसले तर कुणालाच कळणार नव्हतं. बोलले तर जुळणी बंद, आणि गठ्ठे बंद. सव्वा तास परत कपड्यांच्या घड्यांचा. पण रोज चिमटीला झोपवताना ती नळी डोळ्यांसमोर यायची. त्या माणसाला मी पाण्याखाली अडकवून ठेवलं होतं, आणि त्याची सुटका भलत्याच पुठ्ठ्यात बांधून टाकली होती.

"जा तू," सासूबाई म्हणाल्या. "माणूस मधेच सोडून झोप नाही लागत मला."

शनिवारी सकाळी चिमटीला कडेवर घेऊन, पिशवीत सुई, दोरा आणि खळीची डबी टाकून मी वाचनालयात गेले. ठरवलं होतं, ग्रंथपाल बाईंना एकीकडे घेऊन हळूच सांगायचं. पण टेबलाशी मास्तरच उभे! पुढचा गठ्ठा न्यायला आलेले. आणि त्यांच्यासमोर 'बारा पुरुष खोल' छातीशी धरून एक म्हातारे गृहस्थ हातवारे करत होते. दवाखान्यातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना कंपाउंडरकाका म्हणतात.

"अहो, लेखक म्हणजे काय लेखक आहे!" काका सांगत होते. "ह्याची हवा बंद होते, जीव टांगणीला लागतो, आणि पान उलटलं की बायकोची पत्रं! सोळा पानं नुसती पत्रं. बटण शिवलं, दिवा लावला, पोराला दात आला. आणि सतराव्या पानावर हा नावेत, खोकतोय! कसा वाचला, त्याचं अवाक्षर नाही. तिनं ओढून काढला हो त्याला, तिनं! मी चाळीस वर्षं औषधं बांधली, पण असा डोस पाहिला नाही. काल डोळ्यांना धार लागली माझ्या."

मास्तरांची मान अभिमानानं डोलत होती, जणू पुस्तक त्यांनीच लिहिलंय. "बांधणीही बघा ना," ते म्हणाले.

आता तर गप्प बसणं फारच सोपं होतं. काका खूश, मास्तर खूश, पाणबुड्यासुद्धा नावेत पोचलेला. मी परत फिरलेही. तेवढ्यात चिमटीनं हात लांब करून काकांच्या हातातल्या पुस्तकावर थाप मारली. काका वाकून तिला म्हणाले, "वाचशील हो, मोठी झालीस की. हेच वाच."

हेच? चुकलेलं?

"काका," माझा आवाज चिरकला, "ती बाई त्याची बायको नाही."

"म्हणजे?"

"ती दुसऱ्या पुस्तकातली आहे. सोळा पानं बदलली गेली. जुळणी मी केली होती." आणि मास्तरांकडे न बघता एका दमात म्हणून टाकलं, "मी वाचत होते."

कंपाउंडरकाकांनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग तो सुटला कसा?"

"मलाही माहीत नाही. तीन आठवडे झाले, माझाही जीव तिथेच अडकलाय."

ग्रंथपाल बाईंनी कपाटातून पत्रांचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मास्तरांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. "इथेच उसवा," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

मी चिमटीला बाईंच्या मांडीवर दिलं आणि दोन्ही आठव्या फर्म्यांचे दोरे कापले. पाणबुड्याची सोळा पानं हातात सुटी आली, तशी काकांनी ती जवळजवळ हिसकावलीच.

"अहो, शिवायची आहेत ती!" मास्तर म्हणाले.

"आधी वाचायची आहेत. तुम्ही तोवर त्या बाईंना शिवा." आणि चष्मा पुसून काका मोठ्यानं वाचायला लागले. "'गुदमरू लागला. मी दोरीला तीन झटके दिले. वरून उत्तर आलं नाही...'"

मी पत्रांचा फर्मा शिवत होते, पण सुई हवेतच थांबायची. वर भाऊ उभा होता आणि त्याच सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. काकांचा आवाज चढत गेला. वर्तमानपत्रं वाचणारे दोघे खुर्च्या ओढून जवळ आले. मास्तर गठ्ठा काखेत मारून दाराशी उभे होते, निघाल्यासारखे. बाराव्या पानाला त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. तेराव्याला भावानं पाण्यात उडी घेतली, तेव्हा मास्तरांच्या तोंडून निघालं, "अरे, दोरी कुणाकडे दिली?"

"गप्प बसा हो!" काका ओरडले.

सोळावं पान संपलं तेव्हा दोघं भाऊ नावेत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते, फक्त एकाच घोंगडीत बसले होते. मास्तर टेबलाशी आले. म्हणाले, "पुढचा सांधा बघा."

मी बघितला. "'मी खोकलो.' जुळतोय."

"हं. जुळणी मात्र बंद, वहिनी. सांगितलं ते सांगितलं."

मी पाणबुड्याचा फर्मा शिवायला घेतला.

"सोमवारपासून शिलाई घ्या. हात चांगला आहे."

काकांनी पत्रांचं पुस्तक केव्हाच आपल्या नावावर लावायला बाईंपुढे सरकवलं होतं. "ही बाई मला पहिल्यापासून हवी," ते म्हणाले.

मी चिमटीला घेऊन बाहेर पडले आणि अर्ध्या रस्त्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिलाई! शिवताना प्रत्येक फर्मा बरोबर मधोमध उघडावा लागतो. सुई आतून बाहेर, बाहेरून आत. जुळणीला नुसत्या कडेच्या ओळी दिसायच्या. आता मधली दोन पानं, उघडी, मांडीवर, प्रत्येक फर्म्याची!

मी घराकडे जवळजवळ पळतच सुटले. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"वाचला का?" त्यांनी विचारलं.