वगळलेला प्रश्न

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका दवाखान्यातले जुने मॉडेल आहे, स्त्रीच्या ओटीपोटाचे. माझे गुलाबी रबरी गर्भाशय पालथ्या ठेवलेल्या पेरूसारखे दिसते आणि मधोमध उघडते. दोन्ही बाजूंना बीजकोश, पुढे मूत्राशय, मागे आतडे. लाजू नका. तुम्ही सगळे अशाच एका पिशवीत नऊ महिने राहून आला आहात.

नॉटिंगहॅमजवळच्या कारखान्यात मी तयार झाले. २००१ साली डॉक्टर हॉलिसबाईंनी मला आपल्या टेबलावर ठेवले. गाठी कुठे होतात, पाळीत इतके का दुखते, अंग बाहेर येते म्हणजे काय होते, हे सगळे त्या मला उघडून दाखवत. घाबरत आलेली बाई जाताना "असं आहे होय" म्हणत जाई. मी माझे काम चोख करत असे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

२००४च्या मार्चमध्ये अनुराधाबाई आल्या. वय एकसष्ट, मूळच्या नागपूरच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून मुलगा श्रीकांत ऑफिसमधून सुट्टी काढून सोबत आला होता.

"आईला फार थकवा येतो," त्याने सांगितले.

डॉक्टरांनी त्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आतला भाग फिकट होता, म्हणजे अंगात रक्त कमी. "पाळी बंद झाल्यानंतर कधी रक्त गेलं का, विचारा त्यांना."

श्रीकांतचे कान लाल झाले. तो आईकडे न पाहता म्हणाला, "आई, बाकी काही त्रास नाही ना तुला?"

"नाही रे."

"नाही म्हणतेय," त्याने डॉक्टरांना सांगितले.

मला दोन्ही भाषा कळत होत्या, पण तोंड नव्हते. डॉक्टरांना मात्र काहीतरी खटकले. एवढ्या लांब प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आले होते. त्यांनी मला अनुराधाबाईंसमोर सरकवले आणि उघडले.

बाईंनी वाकून माझ्या आत पाहिले. मग त्यांनी टेबलावरचे लाल पेन उचलले, माझ्या गर्भाशयाच्या आत तीन ठिपके काढले आणि डॉक्टरांकडे पाहिले.

डॉक्टरांनी श्रीकांतला नम्रपणे बाहेर बसायला सांगितले आणि दुभाष्यांच्या सेवेला फोन लावला. थोड्या वेळाने स्पीकरवर आवाज आला. "नमस्कार काकू, मी चैत्राली. डॉक्टर म्हणतील ते तुम्हाला जसंच्या तसं सांगेन, आणि तुमचं त्यांना. मनमोकळं बोला. इथलं बाहेर जाणार नाही."

अनुराधाबाईंचे डोळे भरून आले. "पाळी जाऊन नऊ वर्षं झाली, बाई. दोन महिने झाले, पुन्हा अंगावरून जातंय. मुलासमोर कसं सांगू? आणि वाटलं, या वयात होत असेल."

"पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेलं, तर ते या वयात होतंच असं समजायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकदा कारण साधं निघतं, पण तपासावंच लागतं. दोन आठवड्यांत हॉस्पिटलमध्ये बघतील."

सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले. त्याचा छोटा तुकडा तपासला, तेव्हा कॅन्सर निघाला. पण अगदी सुरुवातीचा.

ऑपरेशनच्या आधी त्या पुन्हा आल्या. या वेळी फोनवर चैत्राली होतीच, शिवाय आईच्या परवानगीने श्रीकांतही होता. अनुराधाबाईंनी विचारले, "पिशवी काढली की आत पोकळ राहतं का?" डॉक्टरांनी माझे गर्भाशय उचलून बाजूला ठेवले आणि आतडे त्या जागेत कसे सरकते ते दाखवले. बाईंनी स्वतःच्या हाताने दोनदा करून पाहिले आणि म्हणाल्या, "मग ठीक आहे."

जाण्यापूर्वी श्रीकांत खाली मान घालून बोलला. "आई, त्या दिवशी डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं होतं. मला लाज वाटली. मी प्रश्नच बदलला."

"मीही लपवलंच की," त्या म्हणाल्या. "आता दोघांनीही नको."

ऑपरेशन नीट झाले. आजार पसरलेला नव्हता. सहा महिन्यांनी त्या गुजराती शेजारणीला घेऊन आल्या आणि मला उघडून तिला स्वतःच समजावू लागल्या. भाषा अर्धी गुजराती, अर्धी मराठी. डॉक्टर खुर्चीत मागे टेकून बघत होत्या.

पुढे टेबलावर मोठा कॉम्प्युटर आला, त्यावर हलती चित्रे आली. आता मी हातमोज्यांच्या खोक्यांमागे, कपाटात असते. माझी एक खीळ ढिली झाली आहे, रंग विटला आहे. क्वचित एखादी बाई पडद्याकडे नुसती बघत राहते, तेव्हा डॉक्टर कपाट उघडतात. पडद्याच्या आत बोट घालता येत नाही. माझ्या आत येते.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण घरच्या मोठ्यांना दवाखान्यात सोबत करतात, त्यांचे बोलणे इंग्रजीत सांगतात. ते काम मोठे आहे. पण एखादा शब्द जिभेवर अडखळला, तर तो गाळू नका. सरळ म्हणा, "हे मला सांगता येत नाही, दुभाष्याला बोलवा." आणि आई किंवा आजी नुसती "थकले गं" म्हणाली, तर तिच्याजवळ बसा आणि आणखी एकदा विचारा.