लुपेला कोणी नाही

लुपेच्या घराचं थकलेलं भाडं सरकारने भरलं, ही बातमी मेलेआनेला कपडे वाळत घालताना कळली, आणि तीही कुंपणापलीकडून खुद्द लुपेच्याच तोंडून. "बरं झालं बाई," असं ती म्हणाली खरी, पण पोटात असं काही दुखलं की ओली चादर तशीच बादलीत राहिली.

दुखणारच. दोघी टोंगा बेटांवरून या परक्या देशात आलेल्या, माँगेरे वस्तीत एकाच रस्त्यावर राहणाऱ्या, एकाच चर्चला जाणाऱ्या. दोघींच्या नवऱ्यांना एकाच कारखान्याने एकाच आठवड्यात घरी बसवलेलं. त्यात लुपे तिच्या सख्ख्या काकाची मुलगी, आणि टोंगाच्या माणसांत चुलत-बिलत काही नसतं, बहीण ती बहीणच. मग एका बहिणीचं भाडं सरकार भरतं आणि दुसरीला घरमालक सोमवारी घर खाली करा म्हणतो, हा कुठला न्याय?

मेलेआनेही त्या सरकारी मदतीच्या कचेरीत जाऊन आली होती की! लुपेच्या आधी. इस्त्रीचे कपडे, कमरेला टोंगाच्या रिवाजाचा विणलेला पट्टा, सगळं रीतसर. टेबलापलीकडच्या गोऱ्या पोरीने विचारलं, "अडीअडचणीला मदत करणारं कोणी नातेवाईक?" आता यावर काय सांगायचं? कोणी नाही म्हणणं म्हणजे जिवंत माणसांच्या नावाने आंघोळ करणं. मेलेआने ताठ मानेने म्हणाली, "आहेत की! भाऊ आहेत, मामा आहेत, अख्खं चर्च आहे." पोरीने कौतुकाने मान हलवली आणि अर्ज नामंजूर केला. भाऊ स्वतःच उसनवारीवर जगतात हे पोरीने विचारलं नाही, आणि हिने मरून गेली तरी सांगितलं नसतं.

आता लुपेच्या खिडकीला फुलाफुलांचे पडदे लागले. मेलेआने स्वयंपाकघरातून ते दिवसभर बघायची आणि जळायची.

"तिचे पडदे बघून आपलं भाडं भरलं जाणार आहे का?" हाविली म्हणाला. नवऱ्याच्या जातीला काय कळणार!

शेवटी तिने कुंपणाशी लुपेला गाठलंच. "काय गं, असं काय सांगितलंस तू त्या पोरीला?"

लुपे खाली बघत म्हणाली, "ताई, मदत करणारं कोणी नाही म्हणाले."

"कोणी नाही? मग मी काय मेले होते?"

मेलेआनेच्या अंगाचा तिळपापड झाला. पैसे मिळाले ते मिळाले, वर आपल्याला जिवंतपणी मारूनही मिळाले! बुधवारी बायकांच्या प्रार्थनेला तिने ही गोष्ट एकीच्या कानात सांगितली, आणि एका कानात सांगितलेलं त्या बायकांत किती वेळ टिकतं ते सर्वांना ठाऊक आहे. जेवणाच्या वेळी लुपेच्या शेजारी कोणी बसलं नाही. नारळाच्या दुधात शिजवलेलं तिचं अळू, ज्यावर एरवी उड्या पडायच्या, त्याला कोणी चमचाही लावला नाही. भरलेलं भांडं घेऊन लुपे घरी गेली. मेलेआनेला गार वाटलं. त्या रात्री ती छान झोपली.

सकाळी दारात लुपे उभी. डोळे सुजलेले.

"चप्पल घाल. अर्ज पुन्हा करता येतो, मी विचारून ठेवलंय."

"तुझ्या उपकारांवर मी—"

"भांडण नंतर कर, ताई. सोमवारी घर गेलं तर कुठल्या कुंपणावरून भांडशील?"

मेलेआनेने चप्पल घातली. ती गेली.

तीच कचेरी, तीच पोरगी, तोच प्रश्न. "मदत करणारं कोणी नातेवाईक?" मेलेआनेने मान वळवली. शेजारी लुपे भिंतीकडे बघत बसली होती.

"कोणी नाही," मेलेआने म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"मागच्या वेळी तर पुष्कळ होते," पोरगी म्हणाली. मग तिने लुपेकडे पाहिलं. "आणि या तुमच्या कोण?"

बहीण म्हणावं तर घर जातं. आणि बहीण नाही म्हणायला ओठ हलेनात.

"मी ना?" लुपे हसून म्हणाली. "मी यांची कोणी नाही. शेजारी राहते. यांना एकटीला यायची भीती वाटते, म्हणून सोबत आले."

पोरीने अर्ज घेतला, आणि शुक्रवारी मंजुरीचा फोन आला. पण मेलेआनेला त्याआधी कचेरीतच, खुर्चीत बसल्या बसल्या रडू फुटलं होतं. रडता रडताही तिला लुपेचा हेवाच वाटत होता. हे आपल्याला का जमलं नाही? बहिणीसाठी एवढं कडू बोलायचं, तेही हसून?

पुढच्या बुधवारी बायका पुन्हा लांब बसल्या. मेलेआने सगळ्यांच्या देखत उठली, लुपेला खेटून बसली आणि तिच्या भांड्यातलं अळू तिने दोनदा वाढून घेतलं.