मागं घेतलेली गाडी

"काकाजी, हॉर्न मारा ना. तो पिकअपवाला मुद्दाम साईड नाई देऊन राहिला."

विजयने हॉर्न मारला नाही. "देते तो. आरशात पाह्यलं का देते," एवढंच म्हणाला.

समोरच्या संत्र्याच्या पिकअपने आरशात पाहिलं, मागची पांढरी गाडी ओळखली आणि दोन चाकं डांबरावरून खाली उतरवून वाट मोकळी केली. बाजूने जाताना त्या ड्रायव्हरने एक हात कपाळाला लावला.

"मोक्षरथाले हॉर्न लागत नाई, बेटा," विजय म्हणाला.

हॉर्न मारा म्हणणारा हर्षल शेजारी बसला होता. त्याचं लक्ष सूर्याकडे होतं. मागे जाळीच्या पलीकडे त्याचे वडील भैय्याजी पांढऱ्या कापडात बांधलेले होते आणि त्यांच्या पायाशी, लांबट बाकावर, त्याची आई कलाबाई बसली होती. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात सकाळी भैय्याजी गेले होते. कागद हाती यायला दुपार टळली. आता गाडी मोहगावच्या पलीकडे, त्यांच्या गावाकडे निघाली होती. दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा होता. मागून नातेवाइकांच्या मोटरसायकली आणि एक जीप येत होती.

विजयला हे सगळं सवयीचं होतं. सवयीचं व्हायला नको असं त्याला वाटायचं, पण झालं होतं. मोक्षरथावर यायच्या आधी वीस-बावीस वर्षं त्याने पांढुर्णा ते सौंसर सवारीची जीप चालवली. तेव्हा सगळे जशी गाडी हाकतात तशीच तोही हाकायचा. मोक्षरथावर आला तेव्हा स्टँडवरचे जुने ड्रायव्हर म्हणाले होते, "विजूभौ, चांगली लाईन धरली बाप्पा. तुमची सवारी ना भाड्याची किचकिच करत, ना गाडी हळू चालवा म्हणत." तोही हसला होता. ही गाडी का धरली हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याची बायको सरला दोन हिवाळ्यांआधी गेली. छातीत दुखायला लागलं, शेजाऱ्याने आपली कार काढली. रस्त्यात एका अरुंद पुलावर समोरून वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. आम्ही आधी पुलावर आलो, असं दोन्हीकडचे म्हणत होते. विजय खाली उतरला, हात जोडले, आत पेशंट आहे म्हणाला. "सगळेच म्हणतात पेशंट हाय," समोरचा एक जण म्हणाला, आणि चारजण हसले. सरला खिडकीतून म्हणाली, "जाऊ द्या ना त्यायले पह्यले. आपुन मांगं घेऊ." पण मागं घ्यायलाही जागा नव्हती, कारण तोवर त्यांच्या मागे लोकांनी एकाच्या बाजूला एक अशा गाड्या लावून पूर्ण रस्ता भरून टाकला होता. शेवटी वाट मोकळी झाली तेव्हा कोणीही कोणाला काही बोललं नाही. जो तो आपल्या घरी गेला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सरलाचा हात विजयच्या हातात होता, आणि तो गार झाल्याचं त्याला डॉक्टरांच्या आधी कळलं.

त्यानंतर जीप चालवताना कोणी मागून हॉर्न मारला की त्याचे हात थरथरायचे. म्हणून जीप विकली. या गाडीच्या मागे कोणी हॉर्न मारत नव्हतं.

मोहगाव मागे पडलं. पुढे नाल्यावर रपटा होता, एका वेळी एकच गाडी जाईल असा, कठडे नसलेला ठेंगणा पूल. शेजारी नव्या पुलाचे खांब उभे होते, पण ते तसेच उभे राहून बरेच दिवस झाले होते. विजयने गाडी रपट्यावर घातली. अर्ध्याच्या पुढे गेला असेल, तेवढ्यात समोरून एक जुनी बोलेरो दिवे लावून भरकन रपट्यावर शिरली आणि त्याच्या गाडीपुढे येऊन थांबली. तिच्या मागे लगेच संत्र्याचे दोन पिकअप, एक ट्रॅक्टर आणि मोटरसायकली येऊन चिकटल्या. थांबायचं पलीकडे होतं, तर सगळे रपट्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, उजवीकडेही आणि डावीकडेही.

"अंधळा हाय का बे!" हर्षल काच खाली करून ओरडला. "दिसत नाई का, मयत हाय!"

बोलेरोतून तिशीतला एक माणूस उतरून धावत आला. त्याच्या पायात चप्पल नव्हती, पॅंटला कापूस चिकटला होता. "भाऊ, मांगं घ्या, पाया पडतो. माह्यी बायको हाय आत. कापूस वेचता वेचता साप चावला. सौंसरले नेऊन राहिलो."

"तू घे मांगं."

"कुठून घेऊ? पहा ना मांगं!"

विजयने पाहिलं. बोलेरोला मागे हटायला खरंच वीतभर जागा नव्हती. ट्रॅक्टरवाला पिकअपवाल्याला शिव्या देत होता, पिकअपवाला मोटरसायकलवाल्यांना. मोक्षरथाच्या मागे मात्र मोटरसायकली आणि एकच जीप होती. ती हटली की गाडी मागे घेता येणार होती.

त्याने रिव्हर्स गिअर टाकायला हात नेला. हर्षलने त्याचा हात धरला.

"काकाजी, काय करून राहिले?"

"मांगं घेतो, बेटा. दोन मिनिटाचं काम हाय."

"मयत मांगं फिरवत नाई. तुमाले माईत नाई काय? रोजचं काम हाय तुमचं."

विजयला माहीत होतं. निघालेलं मयत मागे फिरवत नाहीत. फिरवलं तर त्याच घरातलं आणखी एक माणूस वर्षभरात जातं, असं या भागात सगळे मानतात. एकदा रस्त्यात झाड पडलं होतं तेव्हा लोकांनी कुऱ्हाडी आणून झाड तोडलं होतं, पण गाडी वळवू दिली नव्हती. मोक्षरथावर आल्यापासून मयत आत असताना त्याने गाडी एकदाही मागे घेतली नव्हती.

"आपण बॉडी काढून हातात धरू," मागून आलेला एक नातेवाईक म्हणाला. "मंग गाडी घेऊ दे मांगं."

"दार मांगंच हाय," विजय म्हणाला. "काढलं तरी मांगंच जाईन. अन् हे बांधलेलं सोडता सोडता त्या बाईचं काय होईन?"

बोलेरोवाला काचेवर हात ठेवून उभा होता. "अमोल नाव हाय माह्यं. लिंग्याचा हाय मी, तुमच्याच भागातला. तिचे डोये झाकून राह्यले, भाऊ."

हर्षलचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. विजयला ते दिसत होतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "काकाजी, माह्या बायकोले सातवा चालू हाय. घरी आणखी काही झालं तं मी काय करू? तुमी सांगा."

विजय समोर बघत होता. त्याला एवढंच ठाऊक होतं की समोरच्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर लोंबत होता, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा, आणि तो हलत नव्हता.

"तुह्या पाया पडतो, हर्षल. घेऊ दे मांगं."

हर्षलने वाकून किल्ली फिरवली, काढली आणि मुठीत धरली. इंजिन बंद पडलं. अमोल खाली रपट्यावरच बसला.

तेव्हा मागे जाळीवर टकटक झाली.

"हर्षल. चावी दे त्यायले."

"आई, तू यात नको बोलू."

"बोलतो ना. माह्याच नवऱ्याचं हाय ते." कलाबाईचा आवाज दिवसभर रडून बसला होता, पण शब्द स्पष्ट होते. "तुह्या बापाले आता कोन्ती घाई हाय? जितेपणी सौंसरच्या बजारातून घरी याले अंधार करे तो माणूस. चार जागी बसे, चहा पिए, मंग ये. आज कायची घाई?"

"अन् घरी काही झालं तं?"

कलाबाईने जाळीत बोटं अडकवली. मग म्हणाली, "झालं तं माह्यं होईन. घरातलीच हाय ना मीबी. सुनेचं नाव नको घेऊ. माह्यं घे."

"आई..."

"दे म्हणतो ना चावी."

हर्षलने मूठ उघडली. विजयने किल्ली घेतली तेव्हा ती घामाने ओली होती.

मागची जीप आधी हटली. मग मोटरसायकली. विजयने दार उघडं ठेवून, मान बाहेर काढून गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. चाक काठाशी आलं की कोणीतरी "बस, बस" म्हणायचं. रपटा संपायला जितका वेळ लागला त्यात हर्षलने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. तो डोळे मिटून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

गाडी रस्त्याच्या कडेला लागली. बोलेरो धूळ उडवत गेली. जाताना खिडकीतला तो हात आत ओढून घेतलेला विजयला दिसला. कोणी ओढला की तिने स्वतः, ते कळलं नाही.

आता आपण जाऊ, असं समजून त्याने गाडी पुढे घेतली. पण बोलेरोच्या मागोमाग पहिला पिकअप शिरला होता. त्याच्या मागे दुसरा. मग ट्रॅक्टर. मग मोटरसायकली, एकेक, दोन दोन. वाट मिळाली होती तर प्रत्येकाला ती आताच हवी होती. हर्षल खाली उतरला. तो कोणावर ओरडेल असं विजयला वाटलं, पण तो नुसताच रस्त्याच्या कडेला उभा राहिला, एकेक गाडी जाताना पाहत. सूर्य खांबांच्या मागे गेला होता.

शेवटी एक म्हातारा, सायकलवर चाऱ्याचा भारा बांधलेला, रपट्याच्या त्या टोकाला आला आणि थांबला. सायकल बाजूला घेऊन उभा राहिला. त्याच्या मागच्यांनाही मग थांबावं लागलं.

हर्षल दाराशी आला. "काकाजी, दार उघडा. आमी खांद्यावर नेतो."

"अरे, गाव दोन किलोमीटर हाय अजून."

"नेतो. तुमची गाडी मांगं फिरली. आता तिच्यात नाई नेत आमी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला जे वाटत होतं तेवढंच तो सांगत होता.

विजयने मागचं दार उघडलं. चौघांनी भैय्याजींना खांद्यावर घेतलं. जीपवाले, मोटरसायकलवाले गाड्या तिथेच लावून निघाले. कलाबाईही उतरायला लागली, पण तिला धड उभं राहता येईना. विजयने तिला धरून पुन्हा बाकावर बसवलं.

"तुमी राहा आत, बाई. मी गाडी आणतो त्यायच्या मांगून."

मग रपट्यावरून माणसं पायी निघाली आणि त्यांच्या मागे मोक्षरथ पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या चालीने. मागे एक ट्रक आला, त्याने हॉर्न मारला. विजयच्या हातांना जे व्हायचं ते झालं. त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी तशीच चालू ठेवली.

रपटा ओलांडल्यावर कलाबाई बाकावरून सरकत सरकत जाळीजवळ, त्याच्या पाठीमागे येऊन बसली.

"भाऊ, वाचली असन का वो ती पोरगी?"

"माईत नाई, बाई."

"घरी कोन हाय तुमच्या?"

 समोर खांदे बदलले जात होते. हर्षल पुढे झाला, त्याने खांदा दिला.

"आता कोणी नाई," विजय म्हणाला.

 गावातल्या पहिल्या घराचा दिवा दिसायला लागला. माणसं आपसूक भराभर चालायला लागली आणि गाडी व त्यांच्यात अंतर पडलं. विजयने पाय ॲक्सिलरेटरकडे नेला.

"नको," कलाबाई म्हणाली. "हळूच चालू द्या. आमच्यात बाया मसनघाटावर जात नाईत. मी घरी पोचलो का मंगच लोकं त्यायले घेऊन जातीन, तोवर घरीच हाय ते."

"हाव," विजय म्हणाला, आणि त्याने पाय काढून घेतला.