एकही खाडा नाही

बाईंना सर्वेक्षणाचा आदेश आला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला होता. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, त्यात सव्वीस मुलं. अख्ख्या शाळेत शिक्षक दोन, आणि त्यातली एक उचलून वरच्या कार्यालयाने तीन आठवडे दारोदार फिरायला लावली. काम काय, तर शाळेत न जाणारी मुलं मोजायची. शिकवणारीला वर्गातून काढून न शिकणारी मोजायला धाडायचं, ही अक्कल कुठल्या झाडाला लागते देव जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तारीख घातली, खाली गणितं लिहिली, धडा नेमून दिला आणि हजेरीपट मॉनिटर मुलीच्या हातात दिला.

"रोज हजेरी घ्यायची. खाडा दिसता कामा नये, नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

मॉनिटर चौथीतली, दोन वेण्या घट्ट बांधणारी, बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ मानणारी. तिने मान डोलावली.

बाईंचा पाय निघत नव्हता तो पुटपुटीमुळे. पुटपुटी तिसरीतली. दोन वर्षं ती सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवायची, वाचता काही येत नव्हतं, म्हणून मुलांनीच तिला हे नाव पाडलं होतं. बाईंनी तिला रोज मधल्या सुट्टीत शेजारी बसवून अक्षर अक्षर गिरवून घेतलं. आणि नेमकं आदेश आला त्याच आठवड्यात पोरीने एक अख्खी ओळ एकटीने वाचली. बाई भिंतीकडे तोंड करून रडल्या होत्या. आणखी महिनाभर रोज बसली असती तर गाडी रुळावर आली असती.

पण आदेश तो आदेश. बाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाला फिरत राहिल्या. संध्याकाळी मोठ्या सरांचा मोबाइलवर निरोप यायचा, "सगळे हजर." मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. शेजारच्या खोलीत पहिली-दुसरीची एकवीस चिल्लीपिल्ली सांभाळता सांभाळता तेच हजेरीपट बघायचे. निरोप वाचला की बाईंचा जीव भांड्यात पडायचा. शाळेचा पट सत्तेचाळीस, आणि चाळीसच्या खाली गेला की शाळेला कुलूप लावून मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवणार, अशी तंबी कधीच मिळाली होती. त्या रस्त्यावरून ट्रक कसे जातात ते सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या गल्लीचं सर्वेक्षण करणारे दुसऱ्या शाळेतले गुरुजी जिन्यावरून घसरले आणि त्यांची यादी बाईंकडे आली. बाई खूश झाल्या. आपल्याच गल्लीत कोण सापडणार? सगळी तर माझ्या वर्गात बसलीत. अर्ध्या तासात शून्य लिहू आणि घरी जाऊन पाय पसरू.

पहिलं दार त्यांच्याच वर्गातल्या पोराने उघडलं. कडेवर धाकटी बहीण.

"अरे, बरं नाही का तुला?"

"बरंय की, बाई."

"मग आज शाळा?"

पोरगं बहिणीला घेऊन आत पळालं ते पळालंच. असेल, एखादा दिवस होतं असं, म्हणून बाई पुढे गेल्या. दुसऱ्या घरात दोघी बहिणी जमिनीवर बसून केसांच्या पिना पुठ्ठ्यावर टोचत होत्या. दोघी चौथीतल्या, दोघी हजेरीपटावर हजर. बाईंना बघून दोघींनी पुठ्ठे पाठीमागे लपवले. पाचव्या दाराशी बाईंचा हात कडी वाजवायला धजेना. दहा मुलं झाली तेव्हा त्या एका पायरीवर मटकन बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन आठवडे त्या परक्या गल्ल्यांतून जी मुलं शोधत होत्या ती इथे, शाळेच्या भिंतीला लागून होती. आणि त्यांची स्वतःची होती.

अकरावं नाव पुटपुटीचं. आई शर्टांना बटणं लावत होती. दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "बाई, मी आठवडाभर पाठवली हो. रोज येऊन सांगायची, फळ्यावर तेच आहे. मग म्हटलं, तेच बघायला कशाला जायचं? इथे माझ्या हाताखाली तरी येईल."

बाईंनी खाली बसून फॉर्म मांडीवर घेतला. एवढ्यात पुटपुटी त्यांच्या मांडीवरच्या फॉर्मवर वाकली. बोट ठेवून, ओठ हलवत, वरचं मोठं अक्षर लावायला लागली.

"शा... ळा... शाळा... बा... बाह्य. शाळाबाह्य मुले." तिने विजयी मुद्रेने वर पाहिलं. "ही कोण मुलं, बाई?"

एरवी बाईंनी तिला उचलून घेतलं असतं. आता त्या उठल्या आणि तडक शाळेत गेल्या.

वर्गात उरलेली पंधरा मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून फळ्याकडे बघत बसली होती. फळ्यावर बाईंचं अक्षर, बाईंची गणितं, आणि कोपऱ्यात तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. बाईंच्या खुर्चीशेजारी मॉनिटर पट्टी घेऊन उभी. बाई दिसताच तिचा चेहरा उजळला. तिने हजेरीपट पुढे केला.

"बाई, एकही खाडा नाही!"

सव्वीस नावांपुढे सुबक निळ्या शाईत 'ह', 'ह', 'ह'. एकही ओळ चुकलेली नाही. बाईंना रागवायचं होतं, पण कोणावर? पोरीने सांगितलं तेच केलं होतं.

मोठे सर धावत आले. बाईंनी अकरा जणांची हकीकत सांगितली. "मला वाटलं, वर्ग शांत आहे म्हणजे अभ्यास चाललाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, ऐका माझं. फॉर्मवर शून्य लिहा. मुलं आपण आणू परत. अकरा लिहिलेत तर पट छत्तीसवर येतो, शाळा जाते."

"शाळा आहे कुठे, सर?" बाई ओरडल्याच. "तोंडावर बोट ठेवून भिंत बघायला कोणी शाळा म्हणतं का?"

त्यांनी तिथेच बसून अकरा नावं लिहिली. कारणांच्या रकान्यात सात पर्याय छापलेले होते: घरकाम, आजार, स्थलांतर, असलंच काहीबाही. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. बाईंनी समासात लिहिलं, 'वर्गात शिक्षक नाही. शिक्षक या सर्वेक्षणावर आहे.' खाली सही ठोकली.

पुढचे चार दिवस त्या सकाळी स्वतः अकराही मुलांच्या दारी गेल्या. कोणाची समजूत काढली, कोणाला दटावलं, धाकट्या बहिणीलाही वर्गात बसवून घेतलं. पाचव्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस मुलं बाकांवर होती. पुटपुटी पहिल्या बाकावर. फळ्यावर आजची तारीख. गेल्या महिन्याभरात बाईंना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीनंतर मोठे सर कागद घेऊन दारात आले. वरून आदेश आला होता. बाईंच्या अहवालाची गंभीर दखल घेतली गेली होती. सदर अकरा मुलांना शाळेत आणण्यासाठी विशेष मोहीम, घरोघरी जाऊन प्रबोधन, कालावधी तीन आठवडे, त्यानंतर लगेच पटपडताळणी. मोहिमेवर नेमणूक बाईंचीच. उद्या सकाळी दहाला हजर न झाल्यास कारवाई.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला! बाईंनी कागद दोनदा वाचला. ती अकरा मुलं समोर बसली होती. त्यांना शोधायला जायचं तर त्यांनाच सोडून जायचं. मग तीन आठवड्यांनी पडताळणीला माणसं येतील, रिकामी बाकं मोजतील आणि कुलूप ठोकतील.

"मी कळवलं, मुलं आली आहेत म्हणून," सर म्हणाले. "ते म्हणतात, आधी मोहीम पूर्ण करा, मग अहवालात लिहा."

मुलांना सगळं कळत असतं. मॉनिटर हळूच उठून टेबलाशी आली आणि तिने हजेरीपट उघडला. मागच्या वेळी आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं होतं. काय चुकलं ते मात्र अजून उमगलं नव्हतं.

"बाई, उद्यापासून काय लिहू?"

"खरं लिहायचं," बाई म्हणाल्या. "आणि सगळ्यांच्या वर माझं नाव घाल."

मॉनिटरने सुबक अक्षरात लिहिलं, 'बाई'. मग विचारलं, "पुढे?"

बाईंनी सरांकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. पहिल्या बाकावर पुटपुटी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून थांबली होती.

"हजर," बाई म्हणाल्या.

मॉनिटरने पेन कागदाला लावलं आणि पुन्हा उचललं.

"खरं हजर, बाई? का मागच्या वेळेसारखं?"