चिंधी नसलेली तार

आमच्या तलावाला 'निसर्गरम्य' म्हणायला अकोल्याहून माणूस यावा लागला. नवीन सर त्यांचं नाव. तिकडे धावणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे ते सचिव. गुडघ्यापर्यंतची चड्डी, मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ आणि तोंडात एकच शब्द. तलावाची पाळ निसर्गरम्य, पलीकडचं सागवानाचं जंगल निसर्गरम्य, मोठी गढी आणि धाकटी गढी तर विचारूच नका. मोठ्या गढीचा बुरूज अर्धा ढासळलाय आणि धाकटीत लोक शेळ्या बांधतात. पण सरांनी दोन्हींचे इतके फोटो काढले, की आपण एवढी वर्षं झोपलो होतो की काय, असं मलाही वाटायला लागलं.

मी उज्ज्वला. पोलीस भरतीत दोनदा धावले आणि दोनदा राहिले. पहिल्यांदा तीन सेकंदांनी, दुसऱ्यांदा एका गुणाने. तिसऱ्यांदा घरच्यांनी जाऊ दिलं नाही. तो राग कुठेतरी काढायचा म्हणून मी गावातल्या पोरींना पळवायला लागले. पोरी यायच्या, महिनाभर धावायच्या, मग कुणाचं लग्न ठरायचं, कुणाचा गुडघा दुखायचा. टिकली एकटी निकिता. प्रयागबाई वांगी-मेथी घेऊन रिसोडच्या बाजारात बसते, तिची ही एकुलती एक लेक. वय एकोणीस, अंगाने काडी, पण दमछाक म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं.

सरांनी रविवारची 'तलाव-गढी दौड' ठरवली आणि वर सांगितलं, की गावची जी मुलगी पहिली येईल तिला अकोल्यात वर्षभर भरतीचं प्रशिक्षण, राहणं-खाणं मंडळाकडून. त्या दिवसापासून निकिताला दुसरं काही दिसेना. खरं सांगायचं तर मलाही दिसेना. ती निवडली गेली असती तर माझे ते तीन सेकंद वसूल झाले असते.

मार्ग मीच काढून दिला. मोठ्या गढीपासून निघायचं, पाळेवरून जंगलात शिरायचं, जंगलातून पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेने, धाकट्या गढीला आणि तलावाला वळसा घालून पुन्हा मोठ्या गढीला. अडचण एकच होती. ती पांदण मारोतराव काकांच्या शेताला लागून जाते.

मारोतराव म्हणजे माझे चुलत काका. जंगलाच्या कडेला शेत म्हटल्यावर रानडुकरं आलीच. हरभरा उगवला की रात्रीतून वावर नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. म्हणून काका धुऱ्यावरून, शेताच्या बांधाबांधाने, तार ओढतात आणि रात्री पंपाच्या डब्यातून तिच्यात करंट सोडतात. कायद्याने गुन्हा आहे, हे काकांना माहीत आहे आणि गावालाही. तार पांदणीलाही आडवी जाते, नाहीतर डुकरं तिथूनच घुसतात. करंट सोडायचे दिवस असले की तारेवर दिवसरात्र लाल चिंध्या, काकूंच्या जुन्या लुगड्याच्या. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला आधी हे शिकवतात. लाल चिंधी दिसली की खालच्या नाल्यातून वळसा. चिंधी नसली की तार मेलेली, खुशाल ओलांडा. शाळेतल्या पाढ्यात चूक होईल, ह्यात नाही.

शुक्रवारी दुपारी सरांनी मार्गावर बांधायला फिती पाठवल्या. निघाल्या लाल. माझं डोकंच फिरलं. गावचा माणूस लाल पाहून थांबणार आणि शहरचा लाल पाहून धावणार! निकिता आणि मी झाडाझाडाला फिती बांधत पांदणीपर्यंत आलो. तिथे ती म्हणाली, "ताई, मी घरी जाऊ काय? आई बाजारातून आली असंन."

"जा. उद्या सकाळी साडेसहाले वेळ घ्यायची हाये, उशीर नोको करू."

ती पळतच गेली. मी काकांच्या शेतात शिरले. काका तुरीत औषध फवारत होते.

"काका, तुमच्या चिंध्या काढा बरं. मह्या फितीत अन् तुमच्या चिंध्यात लोकाईले फरक कळणार नाई."

"काढतो ना. उद्या काढतो."

"उद्या नाई, आजच! उद्या दुपारी सर मार्ग पाहाले येऊन राह्यले. त्याईनं इचारलं हे काय हाये, तं काय सांगू?"

"अन् करंट?"

माझा फोन वाजत होता. सरांचाच होता. फोन कानाला लावता लावता मी म्हणाले, "करंट रविवारी बंद ठेवा, बस!" आणि पाण्याच्या बाटल्या किती लागतील ते सांगत चालायला लागले.

चिंध्या आज, करंट रविवारी. मधल्या दोन रात्री माझ्या लक्षातच आल्या नाहीत. काका शब्दाचे पक्के. पुतणी शिकलेली, ती सांगते म्हणजे विचार करूनच सांगत असणार, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी मी मोठ्या गढीच्या बुरुजावर फोनमधलं घड्याळ लावून उभी राहिले. तिथून सगळा तलाव दिसतो. पाण्यावर धुकं होतं, दवाने गवत चिंब झालं होतं. निकिताने बूट हातात घेतले होते.

"ताई, बूट चावून राह्यले. आज अशीच पळतो. उद्या घालीन."

"दगड टोचतील."

"टोचू दे. तुमी फक्त वेळ पाहा."

ती सुटली. पाळेवरून तिचा पांढरा शर्ट सरसर गेला आणि जंगलात शिरला. पळताना एकदाही मान वळवली नाही तिने. मीच शिकवलं होतं तसं. जंगल आणि पांदण पार करायला तिला तेरा मिनिटं लागत. मग पाण्यापलीकडे, धाकट्या गढीच्या भिंतीपाशी शर्ट पुन्हा दिसायचा.

तेरा मिनिटं झाली. चौदा झाली. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. बूट न घालता गेली, आता ठेच लागून बसली असेल, उद्याचं वाटोळं करून ठेवलं. सोळा झाली. धाकट्या गढीतून शेळ्या बाहेर पडल्या, त्यांच्यामागे म्हातारी रामीबाई निघाली. अठराव्या मिनिटाला मला पांदणीवरची तार आठवली. चिंध्या काढलेली.

मी धावले. दोन वर्षांत धावले नव्हते तशी धावले. पोचले तेव्हा काका तिथेच होते. धारा काढून करंट बंद करायला आले होते, रोजच्यासारखे. दुधाची कॅन बाजूला पडलेली, आणि निकिताचं डोकं त्यांच्या मांडीवर. तिच्या एका पोटरीवर काळी रेघ उठली होती, बोटाएवढी. बाकी पोरीला काही झालंय असं वाटतच नव्हतं. मी तिची छाती दाबत राहिले, हात भरून येईपर्यंत. काका माझ्याकडे पाहत होते.

"चिंध्या काढल्या होत्या ना पोरी मी," ते म्हणाले. "तू म्हनली तशा. करंट रविवारी म्हनली होती तू."

त्यात दोष देणं नव्हतं. गुरुजींनी सांगितलेलं बरोबर लिहिलं की नाही, असं विचारल्यासारखं ते बोलले. मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

गाव जमायच्या आत काकांनी मला बाजूला घेतलं. "तू काई बोलू नोको. तुह्यं लगन व्हायचं हाये. तार माही होती, मी पाहून घेतो."

पोलिसांना त्यांनी सांगितलं, चिंध्या मीच काढल्या, जुन्या झाल्या होत्या म्हणून. माझाही जबाब झाला. मी बुरुजावर वेळ मोजत उभी होते, असं मी सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काकांना घेऊन गेले. दौड रद्द झाली. सरांनी मंडळाच्या वतीने निकिताचा फोटो टाकला, मागे तलाव.

आणि गाव बोलायला लागलं. तोंडाला काय, कुणाच्या बापाचं टाळं थोडंच असतं! पोरगी शेफारली होती. इनामाच्या नादात तार दिसली नाही. अनवाणी पळते म्हणजे काय! पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी म्हणालं, "डोये फुटले होते तिचे." मी हंडा भरून निमूट घरी आले.

पंधराव्या दिवशी प्रयागबाईने निरोप पाठवला. ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. बाजार कुणासाठी थांबत नाही. मला बस म्हणाली नाही.

"मले एकच सांग उज्ज्वला. माही पोर चार वर्षाची होती, तवापासून तिले चिंधी कळे. आंधारात कळे. हे सारं गाव म्हणते, तिनं पाह्यलं नाई. तू तिले रोज पळवत होती. तिनं काहून पाह्यलं नाई?"

'मला माहीत नाही' हे शब्द ओठांवर आले होते. घरून तसंच सांगायचं ठरवून निघाले होते. पण तिचे हात जुडी बांधता बांधता थांबले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी सगळं सांगितलं. फिती, चिंध्या, फोन, रविवार. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की तिला दोनदा "काय?" म्हणावं लागलं.

ती रडली नाही. मारील असं वाटलं होतं, मारलंही नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजे चिंधी नव्हती."

"नव्हती, काकू."

"मंग तिनं बरोबरच पाह्यलं."

मी मान हलवली. तिने गवताच्या काडीने जुडी बांधली, टोपलीत ठेवली आणि दुसरी घेतली.

"हे आता टाकीपाशी जाऊन सांग," ती म्हणाली. "बाया पाण्याले आल्या असतीन. सगळ्याईले आयकू जाईन असं सांग. मंग ठाण्यात जाऊन सांग."

मी वळले. अंगणातून बाहेर पडले. टाकीपाशी सात-आठ बाया होत्या. मला पाहून त्यांनी रांगेत जागा केली, पण माझ्या हातात हंडा नव्हता.