गोठ्याचा नळ आणि खालचं भोक

घरात त्यांना बाबा म्हणत, बाहेर मात्र सगळे ‘थेंबे’ म्हणूनच ओळखत. कुठे तोटी टपकायला लागली की हे पाना घेऊन धावलेच म्हणून समजा.

गेल्या हिवाळ्यात विहिरीवरून गोठ्यात बादल्या नेताना बाबा बर्फावर सपशेल आडवे झाले. पोरानं निक्षून सांगितलं, पुढच्या थंडीआधी पाणी गोठ्यापर्यंत आलं तर ठीक, नाहीतर गाई विकायच्या. बाबांचा सगळा जीव त्या गाईंत! शेवटी सूनच कंबर कसून उभी राहिली. तिनं विहिरीपासून छातीइतका खोल चर खणवला, पाइप टाकला आणि गोठ्याच्या दाराशी उंच पोकळ दांड्याचा नळ बसवला. पाणी धो धो आलं. गंगेत घोडं न्हालं एकदाचं, असं बाबांना वाटलं.

पण नळ बंद केला की आत गुळगुळ आवाज व्हायचा. बाबा दांड्याला कान लावून ऐकत बसायचे. तोटी कोरडी, मग पाणी जातंय कुठे? सुनेला विचारलं, तर ती घाईत म्हणाली, “बाबा, तो नळ तसाच असतो.”

तसाच म्हणजे कसा? हे काय उत्तर झालं? पुन्हा विचारावं तर म्हणेल, म्हातारा किरकिर करतो. सुनेनं सांधा कच्चा ठेवला, दुसरं काय! तेवढंच त्यांना कळत होतं, बाकी डोकं नुसतं भणभणत होतं.

नळाजवळचा खड्डा अजून बुजवायचा होता. सून कामावर गेली तशी बाबा शिडी लावून खाली उतरले. दांड्याच्या तळाशी भोक होतं, तेही चांगलं गोल, आणि त्यातून पाणी खडीत जात होतं. बाबा बुचकळ्यात पडले. इतकी नीटनेटकी गळती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तरी लाकडी खुंटी ठोकली, वर डांबर फासलं. गुळगुळ थांबली. खड्डा बुजला, आणि बाबा निर्धास्त झोपायला लागले.

पहिली कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी दांडा उभा चिरलेला. बाबांना काही कळेना. गळती होती तेव्हा नळ धडधाकट, आणि ती बंद केली तर फुटला?

पोरगा संध्याकाळी घरी येणार होता. बाबांनी गुपचूप बादल्या उचलल्या. सुनेनं त्यांना अर्ध्या वाटेत गाठलं.

“नळ फुटला गं. गळती तर मी बुजवली होती.”

“कुठली गळती?”

बाबांनी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. “बाबा, ते भोक ठेवलेलंच असतं. नळ बंद केला की पाणी खाली जमिनीतच अडतं आणि दांड्यात उरलेलं त्या भोकातून उतरून जातं. दांडा रिकामा, म्हणून तर आत काही गोठत नाही.”

“मुद्दाम सोडून द्यायचं? चांगलं पाणी?”

“हो.”

ते काही बाबांच्या डोक्यात शिरेना. एकच गोष्ट शिरली. “म्हणजे गाई मीच घालवल्या,” ते म्हणाले.

सुनेनं त्यांच्या हातातल्या बादल्या घेतल्या. “दांडा नवा बसेल. तोवर पाणी मी नेते.”

“आणि त्याला काय सांगशील?”

“नळ बसवताना माझंच चुकलं म्हणून सांगेन.”

बाबांनी मान खाली घातली. इतके दिवस ते मनात हेच तर म्हणत होते.