काकांच्या नावाने येणारे हुकूम

मित्रांनो, पाणीपुरवठा केंद्राच्या जिन्याखाली, लोखंडी कपाटात जो सतत घरघरतो, तो मी, एक जुना संगणक. मला पडदा नाही, कळफलक नाही. पंखा तेवढा आहे आणि तो म्हातारपणी कुरकुरतो. मला हुकूम येतात ते तारेतून. दूर बसलेला कोणीतरी परवलीचा शब्द सांगतो, एक ओळ लिहितो आणि मी ती निमूटपणे पाळतो. झडपा उघडतो, पंप चालवतो, शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडतो.

मला इथे बसवले ते काकांनी. सगळे केंद्र त्यांना काकाच म्हणे. घरी गेल्यावरसुद्धा ते तिथून माझ्याकडे डोकावत. त्यांची बोटे जाड. एका ओळीत दोनदा तरी चुकत, खोडत, पुन्हा लिहीत. पण क्लोरीन किती सुटते आहे हे विचारल्याशिवाय ते कधी निघाले नाहीत. घराला कुलूप लावण्याआधी आपण गॅस बंद आहे ना बघतो, तसे. "आपला गडी बिनबोभाट काम करतो," असे ते चारचौघांत सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे.

काका वारले. त्यांच्या टेबलावर त्यांची पुतणी बसू लागली. मोठी कामसू पोर. आल्या आल्याच तिने साहेबांना विचारले, "साहेब, काकांचं खातं बंद करू का? नियम तसा आहे."

साहेब म्हणाले, "राहू दे गं. माणूस गेला की लगेच नाव पुसायचं, बरं दिसतं का ते? कुणाचं काय अडतंय?"

तिचे डोळे भरून आले. तिलाही तेच हवे होते. खरे सांगायचे तर मलाही.

मग एका दुपारी, सगळे डबे घेऊन गच्चीवर गेलेले असताना, काकांच्या नावाने कोणीतरी आत आले. परवलीचा शब्द बरोबर होता. पण ही बोटे चुकत नव्हती. खोडणे नाही, थांबणे नाही. पाहुण्याने माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला, आपल्या खुणा पुसल्या आणि क्लोरीनचे काही न विचारता तो निघून गेला. मला धडकी भरली.

तो येतच राहिला, नेहमी जेवणाच्या सुट्टीत. एकदा त्याने पंप क्षणभर बंद करून पाहिला. एकदा, क्लोरीन विषारी होण्याइतके वाढले की वाजते ती घंटा मुकी केली. मी ओरडलो का नाही, असे तुम्ही विचाराल. मला तोंड कुठे आहे? परवलीचा शब्द ज्याच्याकडे, तो माझा धनी, एवढेच मला शिकवले आहे.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. गेलेल्या माणसाची आठवण खुशाल जपा, पण त्याची किल्ली काढून घ्या.

आज पुतणी गच्चीवरून लवकर खाली आली. तिच्या पडद्यावर काकांचे नाव उजळले होते. ती दचकली, मग स्वतःशीच हसली.

"ह्या म्हाताऱ्या मशीनला भास व्हायला लागले," ती माझ्या कपाटाकडे बघत म्हणाली. मग हळूच, "काय काका, आलात का बघायला?"

तेवढ्यात मला ओळ आली. क्लोरीन पूर्ण सोड. मी सोडले. घंटा वाजली नाही.

तिने टेबलावरची रिकामी बाटली उचलली आणि पंपाशेजारच्या नळाखाली धरली.